कार्यक्रमाहून आलेले सेल

आमच्या गल्लीत सेल विकत घेणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. रेणापुरात किराणा दुकानं काही कमी नाहीत, आणि प्रत्येक दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी सेलची पाकिटं लटकलेली असतात. पण आमच्या गल्लीतला माणूस तिकडे मान वर करून बघत नाही. कशाला बघेल? गल्लीत रुद्रेश साउंड सर्व्हिस आहे ना. रुद्रेश म्हणजे मी.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. बिनवायरच्या माईकमध्ये दोन पेन्सिल सेल लागतात आणि कोणताही शहाणा साउंडवाला कार्यक्रमाला अर्धवट वापरलेले सेल घालत नाही. सेल ठणठणीत असला तरी कार्यक्रम संपला की काढायचा आणि पुढच्या वेळी नवा कोरा टाकायचा. कारण माईक केव्हा बंद पडतो हे मला विचारा. पोरं ‘हॅलो हॅलो’ करत तासभर ओरडोत, त्याला काही होत नाही. साहेब भाषणाला उभे राहिले, किंवा मंगलाष्टकं शेवटाला आली, की हा गेलाच.

काढलेल्या सेलमध्ये निम्मा जीव बाकी असतो. ते मी घरी आणून दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो आणि माझी माय, नागाबाई, ते वाटायची. कुणाचं घड्याळ, कुणाचा रिमोट, कुणाच्या नातवाची मोटार. सकाळ झाली की दारात कुणीतरी उभं, “नागामाय, हाय का एखादी जोडी?” माय डब्यात हात घालायची, दोन सेल एकमेकांवर आपटून बघायची (त्यानं तिला काय कळतं ते तिलाच ठाऊक) आणि द्यायची. तिचा नियम एकच होता. कार्यक्रमाहून आलेला सेल आपला नाही, तो गल्लीचा. मी कधी अडवलं नाही. माझं त्यात काही जात नव्हतं, आणि तिच्या दाराला माणसं लागायची.

माझी बायको शिवकन्या हायस्कूलवर विज्ञान शिकवते, आणि घरी आल्यावर उरलेलं मला शिकवते. तिच्या डोळ्यांत हा डबा खुपायचा.

“दर लग्नाला तुम्ही नवे सेल फेकताय,” ती म्हणायची.

“फेकतोय कुठं? गल्लीत देऊन राहिलो.”

“आणि गल्ली काय करते? नालीतच टाकत असंल ना? चार्जिंगचे घ्या. एकदा पैसा जाईल, पण एका सीझनमध्ये निघून येईल. पुढं वर्षानुवर्षं तेच सेल. घड्याळाला न्हाई परवडत ते, पण तुमच्या माईकला परवडतात.”

मला चार्जिंगच्या गोष्टींचा मुळातच राग आहे. फोन चार्ज करा, तो दाढीचा भुंगा चार्ज करा, आता सेल पण चार्ज करा. माणसानं जेवायचं कधी? दोन वर्षं मी दाद दिली नाही. मला नमवलं ते आनंदराज शेठनं.

आनंदराज शेठनं लातूरला नवं कार्यालय बांधलं, हरितमंगल. त्याला कायमचा एक साउंडवाला हवा होता. कायमचा म्हणजे बॉक्स तिथंच भिंतीला ठोकलेले, मशीन तिथंच, मी फक्त जायचं आणि बटणं फिरवायची. माझ्या कमरेतला मणका सरकलेला आहे. डॉक्टरनं वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय आणि माझा एकेक बॉक्स दोन माणसांना रडवतो. मला ते काम हवं होतं. इतक्या मनापासून मी लग्नाच्या वेळी शिवकन्यासुद्धा मागितली नव्हती.

“माझी अट एकच,” शेठ म्हणाला. “या कार्यालयात वापरा आणि फेका असं काही चालणार नाही. प्लास्टिकचा ग्लास नाही, थर्माकोल नाही, फेकायचे सेल नाहीत. सगळं निसर्गाला धरून.” तो हे सांगत होता तेव्हा मागं ट्रॅक्टरएवढा जनरेटर डिझेल पीत होता आणि रिकाम्या हॉलमध्ये सगळे एसी चालू होते. मी म्हटलं, हो शेठ. “रविवारी माझ्या पुतणीचं लग्न आहे. त्यात आवाज नीट लागला तर हॉल तुझा. नाहीतर नांदेडचा एक जण कधीपासून मागं लागलाय.”

मी हिरव्या पट्ट्याचे आठ चार्जिंगचे सेल आणि आठ खणांचा चार्जर मागवला. गुरुवारी पानगावला एक साखरपुडा होता, तिथं वापरून बघितले. खोटं कशाला बोलू, झकास चालले. संध्याकाळी घरी येऊन मी ते आठही चार्जरमध्ये लावले, भिंतीला खोचले. शिवकन्या म्हणाली, आता यांना हात लावू नका, रविवारी सरळ काढून न्या. मी हात लावला नाही, तिकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी सहाला चार्जर बघतो तर रिकामा. आठच्या आठ खण आ वासून माझ्याकडे बघत होते. वर लाईट गेलेली.

माय अंगणात राखेनं तांब्या घासत होती.

“माय, हितले सेल?”

“दिले की.”

“कुणाला दिले?”

“ज्याला लागत व्हते त्याला. गुरुवारी तू डब्यात टाकायचा इसरलास. तू आंघोळीला गेलास तवा म्याच काढले. त्या डबड्यातून निघंनात बी लवकर.”

“अगं माय, चार्जिंगला लावलते ते!”

“मंग? कार्यक्रमाहून आलते ना?”

मी कपाळावर हात मारला. शिवकन्या आतून धावत आली. “मी त्यांला सांगितलं व्हतं, हे सेल परत परत वापरता येतात म्हणून.”

“मी बी तेच सांगितलं समद्यांला,” माय म्हणाली. “लई चांगले हायत, परत परत वापरा म्हणलं.”

आता या बाईवर ओरडायचं तरी कसं? तरी मी ओरडलो. तिकडं हॉल जाईल, माझी कंबर मोडेल, सगळं तुझ्या दानधर्मापायी, असं बरंच काही. लातूरला असे सेल मिळतात, पण दुकानं उघडायच्या आत मला कार्यालयात उभं राहायचं होतं. म्हणजे उपाय एकच, गल्लीत फिरायचं आणि परत मागायचे.

“दिलेली वस्तू परत मागनार तू?” मायनं तांब्या खाली ठेवला. “माझ्या हातानं दिलेली?”

“मागणार.”

तिनं कुणाकुणाला दिले ती नावं तेवढी सांगितली. उंबऱ्यावर बसली आणि चंची सोडून सुपारी कातरायला लागली.

पहिलं घर चांदपाशाचं. तो शिंपी आहे, पुढं दुकान, मागं घर. मी घड्याळाकडे हात नेला तसा तोच म्हणाला, “ले जाओ भई, आधी घेऊन जा. तुझा सेल टाकला तवापासून घड्याळ रोज मागं पडून राहिलंय. परवा जुम्म्याच्या नमाजला निघालो तर लोक परत येऊन राहिलते. कसला माल वाटून राहिली रे तुझी माय?”

“तो चार्ज व्हायच्या आधीच तुला दिला, चांदपाशा. त्याच्यात जीवच नव्हता.”

“मंग जीव नसलेला सेल कामून द्यायचा?”

तेवढ्यात त्याची बायको, सालेहाभाभी, आतून नातवाची मोटार घेऊन आली. मोटारीतले दोन सेल काढून दिले आणि सोबत एक भरलेली कापडी पिशवी माझ्या हातात ठेवली. पिशवी जड होती.

“हे काय भाभी?”

“जुने. तुमचेच हायत सगळे.”

आत नुसते मेलेले सेल. काहींना पांढरी बुरशी फुटलेली, काहींचं पोट फाटलेलं.

“टाकले का न्हाईत?”

“कुठं टाकायचे? कचऱ्याच्या गाडीवाला म्हणतो येगळे ठेवा. येगळे ठेवले तर म्हणतो आमच्याकडं सोय न्हाई. नालीत टाकायला जीव होईना. तुम्ही आता वापस घेऊन राहिलात, बरं झालं.”

“भाभी, मी फक्त हिरव्या पट्ट्याचे घेऊन राहिलो...”

पण तोवर शेजारच्या बाईनं ते ऐकलं होतं. आमच्या गल्लीत बातमीला माईक लागत नाही. मी चांदपाशाच्या दारातून बाहेर येईपर्यंत सगळीकडे झालं होतं, रुद्रेश सेल वापस घेतोय. कुणी डबा आणला, कुणी फुटकी कुंडी, कुणी साडीच्या पदरात. खिडक्यांवरून, माळ्यावरून, देवळीतून वर्षानुवर्षांचे सेल निघाले. मी ओरडत होतो, “फक्त हिरवा पट्टा! हिरवा पट्टा!” तर एकीनं रिमोटमधले चालू सेलसुद्धा काढून आणले, त्यावर हिरव्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं म्हणून. कुणीतरी खताचं रिकामं पोतं आणलं, सगळा माल त्यात ओतला आणि मला न विचारता माझ्या टेम्पोत चढवला. हे सगळे सेल माझ्याच हातचे होते. इतकी वर्षं मी समजत होतो की आपण गल्लीला काहीतरी पुरवतो, आणि गल्ली माझा कचरा सांभाळत बसली होती. मला त्या पोत्याचा राग आला आणि लाजही वाटली, पण घड्याळात सात वाजत होते आणि हिरव्या पट्ट्याच्या आठांतली अजून एक जोडी बाकी होती.

ती दगडोबामामाकडे होती. गल्लीच्या टोकाला एका खोलीत तो एकटा राहतो. त्याला दिसत नाही. दिवसभर बाजेवर पडून छातीवर रेडिओ ठेवतो. तोच त्याचा पेपर, तोच त्याचा माणूस.

“रुद्रेश का?” मी दारात असतानाच त्यानं विचारलं. “पाय वढून चाललास. कंबर दुखून राहिली व्हय?”

“हाव मामा. त्ये सेल...”

“कळलं. समदी गल्ली वरडून राहिली.” त्यानं चाचपून रेडिओचं झाकण उघडलं, दोन्ही सेल काढले आणि हात पुढं केला. “लग्नाचं काम हाय म्हणं. जा बाबा. माझं काय, दुपारच्या बातम्या तेवढ्या चुकतील.”

मी घेतले. मी घाईत होतो, चिडलेला होतो, आणि मी ते घेतले. वळून बघितलं तर त्यानं बंद रेडिओ पुन्हा छातीवर ठेवला होता.

टेम्पो सुरू केला तशी माय आली. माझ्याकडे न बघता तिनं चंची उघडली आणि कात लागलेले दोन सेल माझ्या शर्टाच्या खिशात टाकले. साधे, फेकायचे.

“माय, तितं हे चालत न्हाईत.”

“पानगावच्या आधीच्या लगनातले हायत. त्या डब्यातली सगळ्यात चांगली जोडी मी दगडोबासाठी मागं ठिवती. आज तूच घे. त्याच्यापरीस तुलाच जास्त गरज दिसून राहिली.”

असं बोलून ती आत गेली. मी दात खाऊन गिअर टाकला.

हरितमंगलच्या दारात केळीचे खांब आणि झाडे वाचवाचा फलक होता. गेल्या गेल्या जनरेटरच्या बोर्डावर मी चार्जर लावला. दीड तास मिळाला. लाल दिवे काही हिरवे झाले नाहीत, निम्म्यावर काढून माईकमध्ये घातले. वायरचा माईक माझ्याकडे होता, पण स्टेजवर वायर दिसली तर फोटो बिघडतात म्हणून शेठनं तो टेम्पोतून उतरवूच दिला नाही. तेवढ्यात त्याला टेम्पोतलं पोतं दिसलं.

“हे काय?”

खोटं सुचेल इतकी शुद्ध मला नव्हती. “मेलेले सेल. गल्लीनं दिले.”

“गोळा केलेस?” त्याचा चेहरा फुलला. “सगळ्या गल्लीतून? वा रे पठ्ठ्या!” त्यानं पोत्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि पोतं गेटवर, केळीच्या खांबाजवळ नेऊन ठेवायला लावलं.

लग्नाचं काय सांगू. पहिला माईक मुलीच्या मावशांनी धरला. उखाणे संपले तरी त्यांनी तो सोडला नाही, गाणी सुरू झाली. त्यातले सेल गेले, मी दुसरी जोडी घातली. मग स्वागत. कुणाच्या मामाचं स्वागत राहिलं म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून. तिसरी जोडी गेली. निम्मे चार्ज झालेले सेल एकेक करून मान टाकत होते आणि मी मशीनमागं बसून घाम पुसत होतो. शेवटची जोडी मी मंगलाष्टकांसाठी राखून ठेवली होती. दगडोबामामाच्या रेडिओतली.

दुसऱ्या मंगलाष्टकाला माईक खरखरला. तिसऱ्याला गेला.

पुढच्या रांगांना गुरुजींचा आवाज येत होता, मागच्यांना नाही. मागच्यांनी अंदाजानं अक्षता टाकायला सुरुवात केली. त्यांचं बघून मधल्यांनी टाकल्या. बँडवाल्याला वाटलं लग्न लागलं, त्यानं एक फुंकर मारलीसुद्धा. अंतरपाट अजून मध्येच, नवरा भांबावून इकडेतिकडे बघतोय, आणि आनंदराज शेठ स्टेजवरून माझ्याकडे असा बघतोय की नांदेडचा माणूस मला डोळ्यांपुढं दिसायला लागला. वर्षानुवर्षं बॉक्स उचलत गावोगाव फिरणारा मीही दिसलो, कंबर धरून.

मी पळालो. डॉक्टर काय म्हणाला ते विसरून स्टेजच्या पायऱ्या चढलो. खिशात हात घातला, मायचे सेल काढले, धोतराच्या सोग्याआड गुरुजींच्या हातातला माईक उघडला आणि घातले. दिवा लागला. आणि ‘सावधान’ असं खणखणीत आलं की बाहेर पार्किंगमधले ड्रायव्हरसुद्धा सावध झाले असतील.

लग्न लागलं. अक्षता दुसऱ्यांदा पडल्या. मी सुटलो असं वाटतंय तोवर शेठनं तोच माईक हातात घेतला.

“मंडळी,” तो म्हणाला, “एक गोष्ट अभिमानानं सांगतो. या लग्नात फेकायचा एकही सेल वापरलेला नाही!” मग तो निसर्गावर बोलला, पाण्यावर बोलला, पुढच्या पिढीवर बोलला. गेटवरचं पोतं दाखवून माझं नाव घेतलं, लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. पंगतीला लोक उठायला लागले तरी तो थांबेना, आणि मायच्या चंचीतले सेलही थांबेनात. आवाज जसाच्या तसा. मी मनात म्हटलं, संपा रे आता, आता तरी संपा. नाही संपले.

खाली उतरल्यावर त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, नेमकी दुखऱ्या जागी. “रुद्रेश, हॉल तुझा. शेवटी कोणते सेल घातलेस रे? लई दमदार निघाले.”

“घरचे,” मी म्हणालो.

“असलेच घे इथून पुढं. आणि हो, ते पोतं घेऊन जा जाताना. गेटवर बरं दिसत नाही.”

संध्याकाळी घरी आलो. पोतं टेम्पोतच होतं. घ्यायला कुणी नाही, आणि टाकायला मलाही आता जीव होईना. शिवकन्या म्हणाली, पुण्याला कुणीतरी असा माल घेतं म्हणे, विचारून बघते. बघ म्हटलं. मग मी मायसमोर उभा राहिलो. “माय, हॉल आपल्याला मिळाला.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि हात पुढं केला. “सेल?”

माझ्या डोक्यात सकाळपासूनचं सगळं उसळून आलं. “अगं, मी दिवसभर मरमर करून एवढी मोठी गोष्ट सांगून राहिलो, आणि तू दोन सेलांचं काय घेऊन बसलीस?”

“कार्यक्रमाहून आले न्हवं?” ती शांतपणे म्हणाली. “मंग ते तुझे बी न्हाईत आन् माझे बी न्हाईत. मी जाऊ का तू जातोस?”

तिचे गुडघे, माझी कंबर. मीच गेलो, सबंध गल्लीभर पुटपुटत.

दगडोबामामा सकाळी होता तसाच पडलेला होता, रेडिओ छातीवर. मी सेल घातले. बटण फिरवल्याबरोबर कुणीतरी सोयाबीनवरच्या अळीबद्दल बोलायला लागलं. मामाच्या तोंडावर हसू आलं. थोडा वेळ त्यानं ऐकलं.

“लागलं का लगीन?”

“लागलं मामा. कसं लागलं ते इचारू नका.”

“असं? मंग सांग की.”

त्यानं लगेच चाचपून रेडिओ बंद केला.

“राहू द्या की चालू, मामा. आत्ताच तर घातलेत.”

“कशाला? तू हाईस तवर सेल कशापायी जाळायचा,” तो म्हणाला आणि बाजेवर थोडा सरकला. मी कंबर धरून त्याच्याशेजारी बसलो.